घरचा फाइल सर्व्हर बाहेरगावाहून वापरायचा, पण जगाला न दाखवता

जुना डेस्कटॉप किंवा रास्पबेरी पाय हा छोटासा संगणक, त्याला जोडलेल्या एकदोन हार्ड डिस्क, वर डेबियन किंवा ओपनमीडियाव्हॉल्टसारखी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. नाहीतर सरळ सिनॉलॉजीचा तयार डबा. घरात फाइल सर्व्हर म्हणजे बहुतेकांकडे एवढंच असतं. त्यात सातबाऱ्याचे स्कॅन, मार्कशीटं, लग्नाचे व्हिडिओ आणि दुकानाचे हिशेब साठलेले. घरच्या वायफायवर सगळं झकास चालतं. मुलगी पुण्याला शिकायला गेली आणि तिला रात्री दहाला डोमिसाइलचा स्कॅन हवा झाला की मग प्रश्न पडतो, हे बाहेरून उघडायचं कसं?

उत्तर आधीच सांगतो, म्हणजे घाईतल्या माणसाला पुढचा अर्धा लेख सोडता येईल. सर्व्हरला इंटरनेटवर आणायचं नाही. आपल्या फोनला आणि लॅपटॉपला व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटमधून जाणाऱ्या कुलूपबंद खासगी बोगद्याने, घरच्या नेटवर्कमध्ये आणायचं. बहुतेकांसाठी त्याचा सोपा रस्ता म्हणजे टेलस्केल नावाचं तयार ॲप. ज्यांच्याकडे सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरून थेट पोचता येईल असा स्वतःचा पत्ता) आहे आणि हात काळे करायची हौस आहे, त्यांच्यासाठी निव्वळ वायरगार्ड, म्हणजे टेलस्केलच्याच पोटात असलेला व्हीपीएन.

पोर्ट फॉरवर्डिंगच्या वाटेला का जायचं नाही

यूट्यूबवर अजूनही असे व्हिडिओ सापडतात: राउटरमध्ये जा, पोर्ट ४४५ सर्व्हरकडे वळवा, झालं काम. पोर्ट म्हणजे यंत्राचं क्रमांक दिलेलं दार, आणि ४४५ हे एसएमबीचं, म्हणजे विंडोजच्या फाइल शेअरिंगचं पोर्ट. ते बाहेर उघडणं म्हणजे रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात घराची कडी देणं.

"पण माझ्या घराचा पत्ता कोणाला कळणार?" हा प्रश्न हमखास येतो. आयपीव्ही४ चे, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या पद्धतीचे, पत्ते सगळे मिळून सुमारे ४३० कोटी. ऐकायला प्रचंड वाटतात, पण मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप नावाचं साधन काढलं आणि एका संगणकावरून, एका गिगाबिट जोडणीवर, तेवढे पत्ते पाऊण तासात चाळता येतात हे दाखवून दिलं. शोडान हे शोधयंत्र तर अशा उघड्या यंत्रांची यादी शोधायला तयारच ठेवतं. तुम्हाला कोणी नावानिशी शोधत नाही. सगळ्यांचीच दारं ढकलून बघितली जातात, त्यात तुमचंही एक.

आणि दार उघडं सापडलं की काय होतं, याचे दाखले भरपूर आहेत. मे २०१७ मधलं वॉनाक्राय हे रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) एसएमबीच्या जुन्या पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून पसरलं. मायक्रोसॉफ्टचा पॅच मार्चमध्येच आला होता, लोकांनी लावला नव्हता. पुढच्याच महिन्यात आलेल्या नॉटपेट्या या व्हायरसने आत शिरल्यावर पसरायला तेच भोक वापरलं आणि मर्स्क ही जहाज कंपनी ठप्प झाली. त्या तडाख्यात आपल्या न्हावाशेवा बंदरातलं तिचं टर्मिनलही अडकलं होतं.

या झाल्या कंपन्या. घरगुती डब्यांचं सांगायचं तर एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकर या रॅन्समवेअरने इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅप कंपनीच्या फाइल सर्व्हर डब्यांतल्या फाइली पासवर्ड लावलेल्या सेव्हन-झिपमध्ये कोंबल्या आणि ०.०१ बिटकॉइन मागितले. त्याच वर्षी जूनमध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह डिस्क जगभर दूरूनच फॅक्टरी रिसेट झाल्या. लोक सकाळी उठून बघतात तर फोल्डर रिकामे. त्या डिस्कना २०१५ नंतर अपडेटच आलेलं नव्हतं. यातल्या किती जणांचा पासवर्ड भक्कम होता, याला काही अर्थ उरला नाही. भोक सॉफ्टवेअरमध्येच होतं.

आधी घर आवरा

व्हीपीएन बसवायच्या आधी अर्धा तास यासाठी काढा.

राउटरच्या पानावर लॉगिन करा. पत्ता बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ असतो, जिओच्या राउटरवर १९२.१६८.२९.१. फायबरवाल्याने ठेवलेला ॲडमिन पासवर्ड बदला. यूपीएनपी बंद करा. ते चालू असेल तर घरातलं कुठलंही उपकरण तुम्हाला न विचारता पोर्ट उघडून घेऊ शकतं. पोर्ट फॉरवर्डिंगच्या यादीत जुन्या नोंदी असतील, कधीकाळी सीसीटीव्हीवाल्याने केलेल्या, तर त्या काढा. कॅमेऱ्यांचा डीव्हीआर असा उघडा असेल तर सर्व्हर सुरक्षित करून काय फायदा, दोघं एकाच नेटवर्कवर बसलेले असतात.

सर्व्हरला कायमचा घरगुती पत्ता द्या. राउटरमध्येच डीएचसीपी रिझर्व्हेशनची सोय असते, तिथे सर्व्हरचं नाव निवडून पत्ता पक्का करायचा.

सर्व्हरवर अपडेट लावा. प्रत्येकाला वेगळं खातं करा: आई, बाबा, मुलगी. पाहुणा लॉगिन, म्हणजे पासवर्डशिवाय उघडणारं शेअर, बंद. नव्या विंडोजमध्ये ते तसंही सरळ चालत नाही. एसएमबीची पहिली आवृत्ती बंद आहे ना ते बघा. सांबाची (लिनक्सवर एसएमबी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती २०१९ नंतरची असेल तर ती आपोआपच बंद असते, पण जुन्या टीव्हीला किंवा मीडिया प्लेअरला जोडता यावं म्हणून कोणीतरी मुद्दाम चालू केलेली असू शकते. तो टीव्ही गेला खड्ड्यात, बंदच ठेवा.

परवानग्यांचा कंजूषपणा इथेच करायचा. फोटोंचं फोल्डर सगळ्यांना वाचायला, लिहायला फक्त एकाला. कागदपत्रांचं फोल्डर आईबाबांना पूर्ण, मुलीला फक्त वाचायला. पुढे रॅन्समवेअरबद्दल बोलू, तेव्हा याचा उपयोग कळेल.

तुमचा आयपी खरंच तुमचा आहे का

राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, लिहिलेला असतो. तो टिपून घ्या. मग ब्राउझरमध्ये "माझा आयपी काय" असं शोधून तिथे दिसणारा आकडा बघा. दोन्ही सारखे असतील तर तुम्हाला सार्वजनिक आयपी आहे. वेगळे असतील, आणि राउटरवरचा आकडा १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. म्हणजे कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच घरांना वाटून दिला आहे. आपल्याकडे घरगुती फायबरवर हे सर्रास असतं.

सीजीनॅटमागे तुम्ही पोर्ट फॉरवर्ड केलंत तरी बाहेरून काही आत येत नाही. लोक दिवसभर राउटरशी झटापट करतात, राउटर बदलतात, आणि दोष असतो वरच्या पायरीवर. बऱ्याच कंपन्या महिन्याला जादा पैसे घेऊन स्टॅटिक आयपी देतात. पण टेलस्केल वापरणार असाल तर त्याची गरज नाही, ते पैसे वाचवा आणि बॅकअपसाठी डिस्क घ्या.

टेलस्केल बसवणं

टेलस्केल आतून वायरगार्डच आहे. किल्ल्यांची, म्हणजे कुलूपबंद माहिती उघडणाऱ्या सांकेतिक आकड्यांची, देवाणघेवाण आणि दोन यंत्रांची भेट घडवणं एवढं काम कंपनीचा सर्व्हर करतो. फाइली मात्र तुमच्या दोन यंत्रांमध्ये कुलूपबंद जातात, वाटेत कोणी उघडू शकत नाही. प्रत्येक यंत्रावरून बाहेर जाणारी जोडणी केली जाते, त्यामुळे सीजीनॅट आडवं येत नाही आणि राउटरवर एकही पोर्ट उघडावं लागत नाही.

खातं काढताना टेलस्केल स्वतःचा पासवर्ड देत नाही. गूगल, मायक्रोसॉफ्ट, ॲपल अशा खात्याने लॉगिन करायचं असतं. म्हणजे ज्याच्या हातात ते खातं, त्याच्या हातात घर. त्या खात्याला दोन पायऱ्यांची पडताळणी लावल्याशिवाय पुढे जाऊ नका. एसएमएसवरच्या ओटीपीपेक्षा ऑथेंटिकेटर ॲप किंवा पासकी बरी. रिकव्हरी कोड कागदावर लिहून कपाटात. सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये ठेवलेले रिकव्हरी कोड ऐनवेळी काही कामाचे नाहीत.

मग सर्व्हरवर बसवा. सिनॉलॉजीला पॅकेज सेंटरमध्ये टेलस्केल मिळतं. डेबियन, उबंटू, रास्पबेरी पाय किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट असेल तर टेलस्केलच्या अधिकृत संकेतस्थळावर लिनक्ससाठी एका ओळीची आज्ञा दिलेली आहे, ती तिथूनच कॉपी करून टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) टाका. कुठल्यातरी व्हिडिओखालच्या कॉमेंटमधून उचलू नका. बसवून झालं की सुडो (ॲडमिनचे अधिकार देणारा शब्द) लावून "टेलस्केल अप" ही आज्ञा द्यायची. पडद्यावर एक लांबलचक दुवा येतो, तो ब्राउझरमध्ये उघडून लॉगिन केलं की सर्व्हर तुमच्या यादीत दिसायला लागतो. त्याला १०० ने सुरू होणारा एक पत्ता मिळतो आणि एक नाव. नाव ओळखू येईल असं ठेवा.

इथे एक गोष्ट नव्वद टक्के लोक विसरतात म्हटलं तरी चालेल. प्रत्येक यंत्राच्या किल्लीला मुदत असते, साधारणपणे १८० दिवसांची. मुदत संपली की पुन्हा लॉगिन करावं लागतं. फोनवर ते ठीक आहे, पण सर्व्हर घरी आणि तुम्ही हजार किलोमीटरवर असताना तो यादीतून गळाला तर आईला फोनवर टर्मिनलच्या आज्ञा सांगत बसावं लागेल. म्हणून ॲडमिन पानावर जाऊन फक्त सर्व्हरच्या नावापुढच्या तीन टिंबांतून "की एक्स्पायरी", म्हणजे किल्लीची मुदत, बंद करा. फोन आणि लॅपटॉपची मुदत मात्र राहू द्या.

आता फोनवर आणि लॅपटॉपवर तेच ॲप, तेच खातं. घरच्या इतर माणसांना आपलं खातं वाटत बसू नका. त्यांना त्यांच्या खात्याने आमंत्रण पाठवा. वैयक्तिक वापराची मोफत योजना एका घराला सहसा पुरते.

घरी बसूनच बाहेरची चाचणी

फोनचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटा चालू करा, टेलस्केल चालू करा. आता तुम्ही फोनपुरते तरी घराबाहेर आहात. आयफोनवर फाइल्स ॲप उघडा, वरच्या तीन टिंबांत "कनेक्ट टू सर्व्हर" आहे, तिथे सर्व्हरचा १०० वाला पत्ता टाका आणि सांबाचं नाव-पासवर्ड द्या. अँड्रॉइडवर एसएमबी जाणणारा एखादा फाइल मॅनेजर लागतो. लॅपटॉपची चाचणी करायची तर त्याला फोनचा हॉटस्पॉट द्या. मॅकवर फाइंडरमध्ये कमांड आणि के. विंडोजवर फाइल एक्स्प्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि लगेच सर्व्हरचा पत्ता.

विंडोजवर बरेचदा "नेटवर्क पाथ सापडला नाही" अशी तक्रार येते, शेवटी ८००७००३५ असलेला एक क्रमांक घेऊन. घाबरू नका, या क्रमाने बघा. लॅपटॉपवर टेलस्केल खरंच चालू आहे का (चिन्ह दिसतं म्हणजे चालू आहे असं नाही). नावाऐवजी १०० वाला पत्ता टाकून उघडतंय का; उघडत असेल तर भानगड नावाची आहे, ॲडमिन पानावर मॅजिकडीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सोय) चालू आहे ना बघा. पत्त्यानेही नाही उघडलं तर पिंग करा, म्हणजे सर्व्हर हाकेला ओ देतोय का ते तपासा. पिंग पोचतो पण फोल्डर उघडत नाही, याचा अर्थ सर्व्हरवरचं फायरवॉल (नको त्या जोडण्या अडवणारं सॉफ्टवेअर) ४४५ अडवतंय किंवा सांबा फक्त घरच्या नेटवर्ककार्डावरच कान देऊन बसलंय.

सगळं चाललं की मगच कुलपं घट्ट करायची. सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये ४४५ दोनच ठिकाणांहून मोकळं ठेवा: घरचं नेटवर्क आणि टेलस्केलचं इंटरफेस. एसएसएचवर (दुरून सर्व्हरचं टर्मिनल वापरायच्या सोयीवर) पासवर्डने लॉगिन बंद, फक्त किल्लीने. पण किल्लीने आत जाता येतंय हे दुसऱ्या खिडकीत पक्कं केल्याशिवाय पहिली खिडकी मिटू नका. सर्व्हरवर डॉकर (ॲप स्वतंत्र डब्यांत चालवणारं साधन) असेल तर एक लक्षात असू द्या: डॉकरने उघडलेली पोर्टं यूएफडब्ल्यू या लिनक्सवरच्या फायरवॉलच्या नियमांना वळसा घालून जातात. फायरवॉल लावलंय म्हणून निवांत बसलेल्या कितीतरी जणांना हे ठाऊकच नसतं.

ॲडमिन पानावर ॲक्सेस कंट्रोल नावाचा भाग आहे. नव्या खात्यात सगळी यंत्रं एकमेकांशी सगळ्या पोर्टांवर बोलू शकतात. घरच्यांना सर्व्हरचं फक्त ४४५ द्या, एसएसएच स्वतःकडे ठेवा. आणि फनेल नावाची सोय दिसेल, तिला हात लावू नका. ती सर्व्हरवरची सेवा सगळ्या इंटरनेटला दाखवते, म्हणजे आपण जे टाळतोय तेच.

क्लाउडफ्लेअर टनेलबद्दल, म्हणजे घरची सेवा क्लाउडफ्लेअर कंपनीमार्फत बाहेर पोचवणाऱ्या सोयीबद्दल, विचारणा होते म्हणून सांगतो. वेबसाइटसाठी ते छान आहे. फाइलींसाठी मी वापरणार नाही: कुलूप क्लाउडफ्लेअरच्या दारात उघडलं जातं, आणि मोफत योजनेत एका वेळी १०० एमबीपेक्षा मोठी फाइल चढवता येत नाही.

निव्वळ वायरगार्ड

सार्वजनिक आयपी असेल आणि मधली कंपनी नको असेल तर हा रस्ता. वायरगार्ड मार्च २०२० पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) आहे, सुमारे चार हजार ओळींचं आटोपशीर काम. त्याची मला आवडणारी खोड म्हणजे गप्प बसणं: योग्य किल्लीशिवाय आलेल्या पाकिटाला ते उत्तरच देत नाही. चाळणाऱ्याला तिथे काही आहे हेसुद्धा कळत नाही.

राउटरवर यूडीपी ५१८२० हे एकच पोर्ट सर्व्हरकडे वळवा. आयपी बदलत असेल तर डकडीएनएससारखी मोफत सेवा लावून त्याला नाव द्या. प्रत्येक उपकरणाची किल्लीची जोडी वेगळी. एकच फाइल तीन फोनांत टाकली तर एक फोन हरवल्यावर तिघांची कुलपं बदलावी लागतात, शिवाय दोघं एकदम जोडले की भांडतात. फोनच्या बाजूला "अलाऊड आयपीज"मध्ये फक्त घरच्या नेटवर्कचा पट्टा (तिथल्या पत्त्यांचा गट) लिहा, म्हणजे यूट्यूब घरच्या नेटमधून फिरत बसणार नाही. सर्व्हरच्या बाजूला प्रत्येक उपकरणासाठी त्याचा एकच पत्ता. "पर्सिस्टंट कीपअलाइव्ह", म्हणजे जोडणी जागी ठेवणारा निरोप, दर २५ सेकंदांनी.

यात एक हमखास अडचण. तुमचं घर १९२.१६८.१ या पट्ट्यात आणि ज्या हॉटेलात उतरलात तेही त्याच पट्ट्यात, तर लॅपटॉप सर्व्हर हॉटेलातच शोधत बसतो. घरचा पट्टा आधीच बदलून १९२.१६८.७३ वगैरे काहीतरी आडनिडा करून टाका.

वेगाबद्दल खोट्या आशा नकोत

तुम्ही पुण्याहून फाइल उतरवता तेव्हा घराचा अपलोड खर्ची पडतो. शंभर एमबीपीएसचा अपलोड असेल तर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट, म्हणजे एक जीबीला कमीत कमी ८० सेकंद. गावाकडच्या केबलवाल्याचा अपलोड दहा एमबीपीएस असेल तर तीच फाइल १३ मिनिटांच्या वर जाते.

त्यातून एसएमबी लांबच्या अंतरावर कुरकुरतं. ते प्रत्येक छोट्या कामासाठी मागेपुढे निरोप पाठवत राहतं, त्यामुळे हजारो फोटोंचं फोल्डर थंबनेलसकट उघडायला गेलात तर चहा करून या. फोटो वर्षानुसार, महिन्यानुसार फोल्डरांत पाडून ठेवा. मोठी फाइल जागेवर उघडण्यापेक्षा आधी उतरवून घ्या. फोनमधले फोटो घरी पाठवायचे असतील तर सिंकथिंग हे दोन यंत्रांतल्या फाइली जुळवणारं ॲप लावा, ते रात्री निवांत काम करतं.

तरीही फारच रखडत असेल तर "टेलस्केल स्टेटस" ही आज्ञा देऊन बघा. नावापुढे डायरेक्ट दिसलं तर दोन यंत्रं थेट बोलतायत. रिले दिसलं तर निरोप कंपनीच्या मधल्या सर्व्हरवरून फिरून येतोय. सुरक्षित तेवढाच, पण धिमा. दोन्हीकडे आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर बऱ्याचदा हे सुटतं.

आखातात राहणाऱ्यांसाठी दोन शब्द. संयुक्त अरब अमिरातीत व्हीपीएन गैरकामासाठी वापरण्यावर कडक कायदा आहे आणि काही जोडण्या नेटवर्कवरच अडवल्या जातात. तिथल्या नातेवाइकाला ॲप टाकायला सांगण्याआधी तिथले नियम बघून घ्या.

व्हीपीएन जे वाचवत नाही ते

मुलीच्या लॅपटॉपमध्ये क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबरोबर रॅन्समवेअर शिरलं आणि सर्व्हरचं फोल्डर ड्राइव्ह म्हणून जोडलेलं असेल, तर ते त्याच बोगद्यातून घरी येतं, अगदी रीतसर पासवर्ड देऊन. म्हणून वर परवानग्यांचा कंजूषपणा सांगितला: जिथे लिहिताच येत नाही तिथे बिघडवताही येत नाही. त्याच्या जोडीला स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणी फाइली जशा होत्या त्याची त्याच डिस्कवर जपलेली नोंद. डिस्कची मांडणी बीटीआरएफएस किंवा झेडएफएस या पद्धतीची असेल तर रोजचा एक स्नॅपशॉट आपोआप निघेल असं लावून ठेवा.

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. डिस्क मेली की दोन्ही गेले. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक घराबाहेर. बाहेरची प्रत मामाकडे ठेवलेली, एन्क्रिप्ट केलेली (पासवर्डशिवाय न वाचता येणारी) यूएसबी डिस्कसुद्धा चालते, दर सणाला जाल तेव्हा बदलून आणायची. आणि तिच्यातून एखादी फाइल परत काढून बघा. कधीच उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही.

वीज

लोडशेडिंगनंतर सर्व्हर आपणहून उठला पाहिजे. डेस्कटॉपच्या बायॉसमध्ये (चालू होतानाच्या सेटिंगच्या पानावर) वीज परत आल्यावर काय करायचं याची निवड असते, ती चालूवर ठेवा. रास्पबेरी पाय तसाही वीज मिळाली की उठतो. फायबरचा डबा, राउटर आणि सर्व्हर तिन्ही इन्व्हर्टरवर घ्या. नुसता सर्व्हर घेतलात आणि फायबरचा डबा राहिला तर काय उपयोग? साध्या इन्व्हर्टरच्या बदलाच्या क्षणात डेस्कटॉप झटका खाऊन रिस्टार्ट होऊ शकतो, त्याला मधे छोटा यूपीएस लागतो.

इथे एक पेच आहे. सगळी डिस्क एन्क्रिप्ट केली तर चोरीला गेली तरी फाइली सुरक्षित, पण वीज जाऊन आल्यावर मशीन पासवर्ड मागत तिथेच थांबतं आणि पासवर्ड टाकायला घरी कोणी नसतं. मधला मार्ग असा: ऑपरेटिंग सिस्टिम साधी ठेवा, फक्त माहितीची डिस्क एन्क्रिप्ट करा. वीज आली की सिस्टिम उठते, टेलस्केल जोडलं जातं, तुम्ही कुठूनही एसएसएचने आत जाऊन डिस्क उघडता आणि मग सांबा सुरू करता. आपोआप नाही, पण चालण्यासारखं आहे.

फोन हरवला तर

दुसऱ्या कुठल्याही संगणकावरून टेलस्केलचं ॲडमिन पान उघडा आणि तो फोन यादीतून काढा. वायरगार्ड असेल तर सर्व्हरवरून त्या फोनची नोंद पुसा. हे आधी. मग त्या माणसाचा सांबाचा पासवर्ड बदला, कारण फाइल मॅनेजरमध्ये तो साठवलेला असतो. त्यानंतर ज्या गूगल किंवा ॲपल खात्याने टेलस्केलमध्ये लॉगिन केलं होतं, त्यातून त्या फोनला साइन आउट करा. सिमकार्ड बंद करायला फोन कंपनीच्या दुकानात जायचं ते यानंतर. ऑथेंटिकेटर त्याच फोनवर असेल तर पहिल्याच पायरीला अडाल, आणि कपाटातला तो रिकव्हरी कोडांचा कागद तेव्हाच लागेल. तो कुठल्या कप्प्यात आहे हे घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा.